मुळी, गोळी आणि न आलेला झटका



आमच्या नावामागे 'डॉ.' लागतं, त्यामुळे रेल्वेच्या डब्यात कुणाला चक्कर आली की लोक आमच्याकडे आशेने बघतात. आम्हाला दरवेळी सांगावं लागतं की बाबांनो, ही डॉक्टरकी तत्त्वज्ञानातली आहे, नाडी बघणारी नव्हे. तेव्हा सुरुवातीलाच सांगून टाकतो. आज आपण रक्तदाबाच्या गोळीवर बोलणार आहोत, पण कोणती गोळी घ्यावी हे आम्ही सांगणार नाही. ते तुमच्या डॉक्टरांनी सांगायचं. आम्ही एका औषधाचा इतिहास सांगणार आहोत आणि त्यातून एक प्रश्न विचारणार आहोत : औषधाने आपलं भलं झालं की वाईट, हे आपल्याला कळतं तरी कसं?

हा प्रश्न आमच्यासाठी पुस्तकी नाही. १९६४ साली आमच्या वडिलांना, अण्णांना, शाळेत शिकवता शिकवता घेरी आली. डॉक्टरांनी दाब मोजला. वरचा २१०, खालचा १२०. त्यांनी एक बारीकशी पांढरी गोळी लिहून दिली. तिचं रासायनिक नाव रेसर्पीन. त्या गोळीचं पुढे आमच्या घरात काय झालं ते नंतर सांगतो. आधी ती आली कुठून ते बघू, कारण ती आपल्याच मातीतून आली होती.

सर्पगंधा नावाचं झुडूप तुमच्यापैकी काहींनी पाहिलं असेल. कंबरेच्या खालीच राहतं, पांढरी-गुलाबी फुलं, पिकल्यावर काळपट होणारी बारकी फळं. कोकणात याला अडकई म्हणतात. औषध असतं ते मुळीत. चवीला अतिशय कडू. साप चावला, ताप चढला, माणूस भ्रमिष्ट झाला, झोप येईना, की मुळी उगाळून द्यायची, असा वापर देशभर होता. बिहारकडे तर तिचं नावच 'पागल की दवा'. गोव्यात राहणारा पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ऑर्ता याने इथल्या औषधींवरचं आपलं पुस्तक १५६३ साली गोव्यातच छापलं. त्यात सर्पदंशावरच्या मुळ्यांचं जे वर्णन आहे, त्यांतली एक सर्पगंधा असावी असं बरेच अभ्यासक मानतात. पुढे युरोपातल्या वनस्पतिशास्त्रज्ञांनी या कुळाला रौवोल्फ नावाच्या जर्मन वैद्याचं नाव दिलं. म्हणून शास्त्रीय नाव रौवोल्फिया सर्पेंटिना.

म्हणजे मुळी जुनी, वापर जुना. मात्र 'हिने रक्तदाब उतरतो' हे वाक्य जुनं नाही. ते जुनं असूच शकत नाही, कारण दाब मोजायचं साधनच नव्हतं. १८९६ साली इटलीत रिव्हा-रोच्ची यांनी दंडाला बांधायच्या पट्ट्याचं यंत्र केलं. १९०५ साली रशियात कोरोत्कोव्ह यांनी त्याला स्टेथोस्कोपची जोड दिली आणि वरचा-खालचा असे दोन्ही आकडे हातात आले. आजार शरीरात होताच, फक्त तो ज्ञानाचा विषय नव्हता.

आकडा हातात आला तरी पुढचा प्रश्न राहिलाच. दाब उतरवायचा का? आज हा प्रश्न वेडगळ वाटेल. पण १९३१ साली लिव्हरपूलचे प्राध्यापक जॉन हे यांनी लिहून ठेवलं आहे की वाढलेल्या दाबाचा खरा धोका तो सापडण्यात आहे, कारण एकदा सापडला की कुणीतरी मूर्ख तो उतरवायला जाणार. यामागे तर्क होता. नळ अरुंद झाला तर पाणी पोचवायला जोर जास्त लागतो, तसं रक्तवाहिन्या अरुंद झाल्या की शरीर गरज म्हणूनच दाब वाढवतं. मग तो उतरवणं म्हणजे मेंदूचं, मूत्रपिंडाचं पाणी तोडणं. कारण न सापडणाऱ्या उच्च रक्तदाबाला डॉक्टर आजही 'इसेन्शियल' म्हणतात. हा शब्द आमच्या तत्त्वज्ञानाच्या दुकानातला. अर्थ दोन : एक स्वभावगत, दुसरा आवश्यक. एका शब्दाच्या दोन अर्थांची गल्लत किती वर्षं टिकू शकते, याचं याहून चांगलं उदाहरण वर्गात आम्हाला कधी सापडलं नाही.

त्याच १९३१ साली कलकत्त्यात गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी लेख प्रसिद्ध केला. सर्पगंधा वेडावर आणि रक्तदाबावर उपयोगी पडते, असं त्यात म्हटलं होतं. तिकडे दिल्लीत सलीमुझ्झमान सिद्दीकी आणि रफत हुसेन सिद्दीकी याच मुळीतली द्रव्यं वेगळी काढत होते. हकीम अजमल खान यांच्या नावावरून त्यांनी एका द्रव्याला 'अजमलीन' नाव दिलं. दोन वर्षांनी रामनाथ चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्राण्यांवरचे प्रयोग छापले. काम चांगलं होतं, पण ते इथल्याच नियतकालिकांत राहिलं. बाहेर कुणी फारसं वाचलं नाही.

किती वाचलं नाही? १२ एप्रिल १९४५ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट मेंदूतल्या रक्तस्रावाने गेले. त्या दिवशी त्यांचा दाब ३०० च्या वर मोजला गेला होता. जगातल्या सर्वांत बलाढ्य माणसाच्या डॉक्टरांकडे मीठ कमी करा, वजन उतरवा, विश्रांती घ्या, झोपेची गोळी घ्या, यापलीकडे फारसं काही नव्हतं. त्याच सुमारास मुंबई-कलकत्त्यातले काही डॉक्टर मुळीच्या गोळ्या लिहून देत होते.

इथे डॉ. रुस्तुम जाल वकील येतात. मुंबईचे पारशी, जन्म १९११ चा, शिक्षण लंडनला, काम केईएम रुग्णालयात. सर्पगंधा ते बरीच वर्षं वापरत होते. पण 'माझ्या रुग्णांना गुण येतो' एवढ्यावर ते थांबले नाहीत. त्यांनी ५० रुग्ण घेतले, औषधाआधीचा आणि नंतरचा दाब नोंदवला आणि १९४९ साली तो अहवाल 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये छापून आणला. पाचांतल्या चाराहून अधिक रुग्णांचा दाब उतरला होता. आजच्या कसोटीने बघायला गेलं तर त्यात उणिवा आहेत, तुलनेसाठी बिनऔषधाचा वेगळा गट नाही. पण आकडे होते, आणि जिथे जग वाचतं तिथे छापलेले होते. बॉस्टनच्या रॉबर्ट विल्किन्स यांनी तो लेख वाचला, भारतातून औषध मागवलं आणि आपल्या रुग्णांना देऊन पाहिलं. १९५२ साली स्वित्झर्लंडमध्ये बाझेलच्या सीबा कंपनीतल्या शास्त्रज्ञांनी मुळीतलं मुख्य द्रव्य शुद्ध रूपात वेगळं काढलं. तेच रेसर्पीन. १९५७ साली डॉ. वकिलांना अमेरिकेचा लास्कर पुरस्कार मिळाला, पुढच्या वर्षी पद्मभूषण.

इथपर्यंत ही गोष्ट सांगितली की टाळ्या पडतात. आपली मुळी, आपला डॉक्टर, जगाचा गौरव. मंडळी, खरा इतिहास इथून पुढे सुरू होतो.

शुद्ध रेसर्पीन मिळाल्यावर त्याचा वापर भराभर वाढला. दाबासाठी वाढला, आणि १९५४ पासून न्यूयॉर्कच्या नेथन क्लाइन यांच्यासारख्यांमुळे मनोरुग्णांसाठीही वाढला. वापर वाढला तशा तक्रारी आल्या. नाक चोंदणं, सुस्ती, पोट बिघडणं, कुणाला जठरव्रण, मोठ्या मात्रेत हातापायांचा कंप आणि ताठरपणा. यांतली सगळ्यात काळजीची तक्रार मनाची होती. एडवर्ड फ्राइस यांनी १९५४ सालीच लिहिलं की मोठ्या मात्रेत दीर्घकाळ हे औषध घेणारे काही रुग्ण गंभीर उदासीनतेत जातात. गंमत बघा, पुढच्याच वर्षी लंडनच्या डेव्हिस आणि शेफर्ड यांनी चिंताग्रस्त आणि उदास रुग्णांना रेसर्पीन दिलं, तुलनेला औषध नसलेली गोळी ठेवली, आणि रेसर्पीनवाल्यांना बरं वाटलं. एकच औषध, निष्कर्ष दोन. मात्रा वेगळी, माणसं वेगळी, मोजण्याची रीतही वेगळी.

हे औषध करतं काय? आपल्या मज्जातंतूंच्या टोकांशी बारीक पिशव्या असतात. त्यांत नॉरॲड्रिनॅलिन साठवलेलं असतं. ते सुटलं की रक्तवाहिन्या आवळतात आणि दाब चढतो. रेसर्पीन त्या पिशव्यांत माल भरूच देत नाही. कोठार रिकामं, म्हणून वाहिन्या सैल, म्हणून दाब कमी. पण अशाच पिशव्या मेंदूतही आहेत. तिथे डोपामीन आहे, सेरोटोनिन आहे. त्याही रिकाम्या होतात. स्वीडनच्या आर्विद कार्लसन यांनी १९५७ साली सशांना रेसर्पीन दिलं, ससे निपचित पडले. डोपामीन ज्यापासून बनतं ते द्रव्य टोचल्यावर ते पुन्हा हिंडू लागले. कंपवाताच्या उपचाराची वाट तिथून उघडली, आणि कार्लसन यांना २००० साली नोबेल मिळालं.

यातून आम्ही एक गोष्ट शिकलो. 'उपयोग' आणि 'दुष्परिणाम' या औषधाच्या दोन वेगवेगळ्या खोल्या नाहीत. क्रिया एकच. ती आपल्याला हवी तिथे झाली की आपण उपयोग म्हणतो, नको तिथे झाली की दुष्परिणाम. म्हणून 'नैसर्गिक आहे, साइड इफेक्ट नाही' असं कुणी सर्पगंधेबद्दल म्हणालं, तर ती काही करतच नाही असं म्हटल्यासारखं होतं.

आता अण्णांकडे येतो.

अण्णा पहाटे उठून गंगेवर जायचे. नाशिककरांना सांगायला नको, गोदावरी म्हणजे आपली गंगा. येताना भाजी आणायची, आल्यावर चहा घेत मोठ्याने वर्तमानपत्र वाचायचं, त्यावर शेरे मारायचे. गोळी सुरू झाल्यावर दाब उतरला. डॉक्टर खूश, आई खूश. काही महिन्यांनी अण्णांनी गंगेवर जाणं सोडलं. मग वर्तमानपत्र नुसतं घडी करून ठेवायला लागले. शाळेतून आले की भिंतीकडे तोंड करून पडायचे. आई म्हणायची, वय झालं. शेजारी म्हणायचे, विरक्ती आली. अण्णांचं वय तेव्हा एकावन्न होतं. गोळीचा आणि याचा संबंध असेल हे दीड वर्ष कुणाच्या डोक्यात आलं नाही.

१९६६ च्या पावसाळ्यात येवल्याहून काका आले. दोन दिवस बघून म्हणाले, "वहिनी, हा आपला दादा नव्हे. ही गोळी आल्यापासून माणूस विझलाय. बंद करा ती." आणि गोळी बंद झाली. डॉक्टरांना विचारायला कुणी गेलं नाही. हळूहळू, काही आठवड्यांत, अण्णा उजळले. त्या दिवाळीत त्यांनी केलेले विनोद आम्हाला आजही आठवतात. काका घरातले धन्वंतरी ठरले.

जानेवारी १९६७ मध्ये अण्णांना पक्षाघाताचा झटका आला. उजवा हात गेला, वाचा अर्धी गेली. पुढे नऊ वर्षं ते तसेच जगले. आईने पुन्हा कधी काकांसमोर तो विषय काढला नाही, आणि काकांनी आमच्याकडे येणं कमी केलं.

आयुष्यभर आम्ही तर्कशास्त्र शिकवलं. त्यात अन्वय आणि व्यतिरेक शिकवतो. गोळी आहे तिथे मरगळ आहे, हा अन्वय. गोळी नाही तिथे मरगळ नाही, हा व्यतिरेक. काकांनी केलेलं अनुमान या कसोटीला बरंच उतरतं. ते अडाणीपणाचं नव्हतं. कदाचित बरोबरच होतं. कदाचित काकतालीय न्यायही असेल, कावळा बसायला आणि फांदी मोडायला एक गाठ पडली असेल. एका माणसावरून ते ठरत नाही. पण चूक या अनुमानात नव्हती. काकांनी गोळीचं एकच काम तपासलं, जे डोळ्यांना दिसत होतं. गोळीचं दुसरं काम दिसतच नव्हतं. गोळीमुळे जो झटका येत नाही, तो कुणाला दिसणार?

आपल्या दर्शनांत अभावाच्या ज्ञानावर मोठा वाद आहे. 'इथे घट नाही' हे आपण कशाने जाणतो? नैयायिक म्हणतात, प्रत्यक्षानेच. भाट्ट मीमांसक आणि वेदान्ती म्हणतात, त्याला अनुपलब्धी हे वेगळं प्रमाण लागतं. तरुणपणी आम्हाला हा वाद शब्दांचा खेळ वाटायचा. पण न आलेल्या झटक्याचा अभाव तर एका घरात दोघांच्याही प्रमाणाने सापडत नाही. तो बघायचा एकच मार्ग आहे. सारखीच माणसं दोन गटांत वाटायची, एका गटाला औषध, दुसऱ्याला तशीच दिसणारी पोकळ गोळी, आणि मोजत बसायचं.

ते मोजणं अण्णांच्या झटक्याच्याच वर्षी, डिसेंबर १९६७ मध्ये प्रसिद्ध झालं. अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयांत फ्राइस यांच्याच पुढाकाराने झालेली चाचणी. खालचा दाब ११५ ते १२९ असलेले १४३ पुरुष. ७० जणांना पोकळ गोळी, ७३ जणांना औषध. सरासरी दोन वर्षंही झाली नव्हती, तेव्हा पोकळ गोळीच्या गटात ४ मृत्यू होते, औषधाच्या गटात एकही नाही. मृत्यू धरून एकूण गंभीर घटना पोकळ गटात २७, औषधाच्या गटात २. लिव्हरपूलच्या प्राध्यापकांचा तर्क तिथे संपला. आणि ते औषध कोणतं होतं? तीन औषधांचं मिश्रण, आणि त्यांतलं एक रेसर्पीन.

अण्णांचा खालचा दाब १२० होता. म्हणजे चाचणी नेमकी त्यांच्यासारख्यांवर झाली. १९६६ साली काकांनी डॉक्टरांना विचारलं असतं, की गोळी थांबवली तर काय गमवाल, तर डॉक्टरांना अंदाज सांगता आला असता, आकडा सांगता आला नसता. आणि आम्हीही अजून प्रामाणिकपणे एवढंच म्हणू शकतो की गोळी चालू असती तर झटका येण्याची शक्यता खूप कमी झाली असती. पोकळ गोळीच्या गटातलेही निम्म्याहून जास्त लोक त्या काळात सुखरूप राहिलेच होते. हा हिशेब आमच्या मनाला पुरत नाही, पण खरा तेवढाच आहे.

मोजणीही फसते, हेही सांगायला हवं. सप्टेंबर १९७४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये एकाच वेळी तीन अभ्यास आले. रेसर्पीन घेणाऱ्या स्त्रियांत स्तनाचा कर्करोग जास्त दिसतो, असं त्यांत होतं. घबराट पसरली. नंतरच्या अभ्यासांत तो संबंध टिकला नाही. १९८५ साली हॉर्विट्झ आणि फाइनस्टाइन यांनी चूक दाखवून दिली : तुलनेच्या गटातून हृदयविकाराच्या स्त्रिया वगळल्या होत्या, म्हणजे रेसर्पीन घेणाऱ्याच वगळल्या गेल्या. मग कर्करोगाच्या गटात त्या जास्त दिसणारच. तोवर नवी औषधं आली होती आणि रेसर्पीन मागे पडलं होतं. त्याच १९७४ च्या नोव्हेंबरात डॉ. वकील वारले. तरी अमेरिकेत १९९४ ते २००२ या काळात झालेल्या मोठ्या चाचणीत, पहिलं औषध पुरलं नाही तर जोडायच्या औषधांत लहान मात्रेचं रेसर्पीन होतंच. आज जिथे देतात तिथे मात्रा साधारण ०.१ ते ०.२५ मिलिग्रॅम. बाजारातल्या चूर्णाच्या चमच्यात ते किती असेल हे चमच्याला माहीत नसतं. तेव्हा बुधवारच्या बाजारातून मुळी आणून दाबावर प्रयोग करू नका. त्यातून ही वनस्पती जंगलातून इतकी उपटली गेली आहे की तिच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध आहेत.

आता आजचं बोलू. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या १५ वर्षांवरच्या पुरुषांत २४ टक्के आणि स्त्रियांत २१ टक्के जणांना वाढलेला दाब होता किंवा त्याची गोळी चालू होती. २०१७ मध्ये सरकारने उच्च रक्तदाब नियंत्रणाचा कार्यक्रम सुरू केला, त्यात महाराष्ट्रातून आधी सातारा, सिंधुदुर्ग, भंडारा आणि वर्धा हे जिल्हे घेतले. तिथलं सूत्र साधं आहे : ठरलेली थोडीच औषधं, प्रत्येक भेटीला मोजलेला दाब, आणि न आलेल्या रुग्णाचा पाठपुरावा. यातलं शेवटचं आम्हाला सर्वांत मोलाचं वाटतं. १९६६ साली 'अण्णा का आले नाहीत?' असं विचारणारं कुणी असतं तर!

आजच्या गोळ्यांनाही तोच नियम लागू. ॲमलोडिपीन वाहिन्या सैल करतं, म्हणून कुणाच्या घोट्यांना सूज येते. नावाच्या शेवटी 'प्रिल' असलेल्या गोळ्यांनी कोरडा खोकला येतो. 'प्रिल' आणि 'सार्टन' गटातल्या गोळ्या गरोदरपणात चालत नाहीत, आणि त्यांवर असताना मूत्रपिंड आणि पोटॅशियम अधूनमधून तपासावं लागतं. लघवी वाढवणाऱ्या गोळ्यांनी सोडियम-पोटॅशियम खाली जाऊ शकतं. क्लोनिडीन किंवा बीटा-ब्लॉकर एकदम बंद केलं तर दाब उसळी मारू शकतो. गुडघ्यासाठी आपण सहज घेतो त्या वेदनाशामक गोळ्यांनी दाब वाढतो, त्याही डॉक्टरांना सांगाव्यात. यांतलं काहीही झालं तर गोळी बदलता येते, मात्रा बदलता येते. रेसर्पीनच्या काळात पर्याय मोजके होते, आज भरपूर आहेत.

आम्ही स्वतः गेली अठरा वर्षं दाबाची गोळी घेतो. पहिल्या गोळीने पाय सुजले. तीन दिवस आम्ही काकांसारखाच विचार केला, खोटं कशाला बोलू. चौथ्या दिवशी डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी सूज पाहिली आणि गोळी बदलून दिली, दहा मिनिटांत. बाहेर पडलो तेव्हा आम्हाला काकांचा राग आला नाही, वाईट वाटलं. ते आपल्या भावावर प्रेमच करत होते. त्यांनी पाहिलं ते खरं होतं. फक्त ते घेऊन त्यांनी डॉक्टरांचा जिना चढायला हवा होता.

तेव्हा घरातलं कुणी माणूस गोळी सुरू झाल्यावर गप्प झालं, सुजलं, खोकायला लागलं, उठताना झोकांड्या खाऊ लागलं, तर 'वय झालं' म्हणू नका. आणि गोळी उचलून फेकूही नका. तारीख लिहा, घरी मोजलेला दाब लिहा, काय बदललं ते लिहा, आणि तो कागद घेऊन जा. आमच्या घरात १९६६ साली तो कागद नव्हता.

थांबतो इथे. प्रश्न असतील तर जरूर विचारा, फक्त कुणी दंड पुढे करू नका. नमस्कार.